लिंबाखाली गैरहजर

हिंगणमाळच्या बनाबाई मेटकरीला कोर्टानं एकच गोष्ट नीट शिकवली होती, आणि तीच शेवटी तिच्या मुळावर आली. पुकारा झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

ही शिकवण तिला पहिल्याच तारखेला मिळाली. कोर्ट म्हणजे काय ते तिनं तोवर पाहिलेलं नव्हतं. दार उघडं दिसलं म्हणून ती सरळ आत शिरली, साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि "रामराम साहेब, मी बनाबाई" म्हणाली. तेव्हा जोतिबा पट्टेवाला धावत आला. उंच, हाडकुळा माणूस, छातीवर लाल पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. त्यानं तिला बाहेर आणून अंगणातल्या लिंबाच्या पारावर बसवलं.

"आवं आज्जी, हे काय तुमच्या लेकीचं सासर हाय व्हय, थेट आत जायला? हितं बसायचं. मी दारात यिऊन तुमचं नाव तीनदा पुकारणार. तवाच यायचं. आधी आलात तर सायेब दंड मारत्यात."

दंडाचं त्यानं नुसतं भ्या घालायला सांगितलं होतं. पण बनाबाईनं ते गाठीला बांधलं. पुढं जितक्या तारखा झाल्या तितक्या वेळा ती पहिल्या एसटीनं यायची, पारावर बसायची, आणि जोतिबानं दारात येऊन "बनाबाई बिरदेव मेटकरीऽऽ" अशी आरोळी ठोकली की "हाय, हाय" करत पदर सावरून उठायची. जोतिबाचा आवाज असा की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणारासुद्धा कप ठेवून पळत येई. आवाज ऐकला नाही असं म्हणायची सोय त्यानं कुणालाच ठेवली नव्हती.

दावा वाटेचा होता. बनाबाईच्या वस्तीपासून पाझर तलावापर्यंत एक मेंढरांची वाट जाते. तिच्या सासऱ्याच्याही आधीपासूनची. दिवाळी झाली की तिचा लेक अर्जुना मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतो. कोरेगाव, उंब्रज, कृष्णेकाठची बागायत गावं. तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मिरगाला पाऊस आला की माघारी माळावर यायचं. माघारी आल्यावर सगळ्या कळपाला पाणी त्या एका तलावाचं. आता माळावर कालव्याचं पाणी आलं तशी माणसांची नजर बदलली. ज्या रानाकडं कुणी थुंकत नव्हतं ते शेजारच्या नानासोनं घेतलं, द्राक्षबागेची आखणी केली, आणि मधली वाट त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. त्यानं एकदा ती नांगरली. बनाबाई कोर्टात गेली. कोर्टानं मनाई दिली, लोक ज्याला स्टे म्हणतात ती. निकाल लागेपर्यंत नानासोनं वाटेला हात लावायचा नाही.

वाट गेली तर मेंढरं गेली, हे समजायला कोर्ट लागत नाही. दुसऱ्या अंगानं तलावाला जायचं तर चार जणांच्या उभ्या बागांतून जावं लागतं, आणि बागेत मेंढरू घालू देईल असा दाता अजून त्या माळावर जन्मलेला नाही. पाण्याविना कळप ठेवता येत नाही. तो विकायचा, आणि अर्जुनानं कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकावर काठी घेऊन उभं राहायचं. बनाबाईला धास्ती होती ती याची.

फाल्गुनातल्या त्या तारखेला तिची साक्ष होती. ऊन आत्ताच चटके देत होतं. ती नेहमीसारखी पहिल्या गाडीनं आली, पारावर पिशवी ठेवली आणि बसली. कोर्टाच्या फाटकावर नवीकोरी कमान उभी राहिली होती, काळ्या चकचकीत दगडाची, आणि तिच्यावर आमदारांचं नाव सोनेरी अक्षरांत कोरलेलं. दाराच्या वर एक टीव्हीही बसवलेला होता. तो बंद होता. बनाबाईनं दोन्हीकडं बघितलं आणि जोतिबा कुठं दिसतो का ते शोधलं. तो काही दिसला नाही. असंल आत, असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं.

तिची वकील राजेश्वरी सकाळीच फोनवर म्हणाली होती, "आजी, मला सांगलीला जावं लागतंय. इथली फौजदारी कामं आता सगळी तिकडं नेलीत. तुमचा नंबर खाली आहे, दोनपर्यंत मी येतेच. त्याआधी नाव आलं तर सांगा, वकील वाटेत आहेत म्हणून." बनाबाईनं हे वाक्य पाठ करून ठेवलं. वकील वाटेत हायती. वकील वाटेत हायती.

अकराच्या सुमारास नानासो आला. पांढरी शुभ्र पँट, मोबाईल कानाला. तिला बघून थांबला. भांडण असलं तरी माणूस तोंडाचा गोड.

"मावशी, कवा आलाय? उन्हात बसलाय की. थांबा, च्या सांगतो."

आणि खरंच त्यानं हॉटेलातून चहा पाठवला. वर बिस्किटाचा पुडा. बनाबाईनं आधी नको म्हटलं, मग घेतला. शेजारधर्म म्हणून. नानासो तिच्यासमोर उभं राहून चहा प्याला, पोरं-बाळं विचारली, अर्जुनाची मेंढरं कुठवर गेली ते विचारलं, कागदी कप चुरगाळून टाकला आणि आत गेला. ती बाहेर बसून राहिली. तिला पुकारलं नव्हतं ना.

ऊन सरकलं तशी तीही पारावर सरकत राहिली. भाकरी सोडली, मिरचीच्या खरड्याशी खाल्ली. तीन-चार म्हातारी माणसं तिच्यासारखीच बसलेली होती, कुंडलकडची एक बाईही होती, दादल्यानं टाकलेली. सगळ्यांचे कान दाराकडं. दारातून वकील येत होते, जात होते, पण आरोळी काही येत नव्हती. दोन वाजून गेले. राजेश्वरी आली नाही. तिचं सांगलीतलं काम लांबलं होतं. नानासो कधी बाहेर पडला ते बनाबाईला दिसलं नाही, कारण तो मागच्या दारानं गेला होता.

संध्याकाळी एक पोरगी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दार लावायला आली. पूजा तिचं नाव, कंत्राटावरची कारकून. बनाबाई उठली.

"आगं पोरी, माझा पुकारा कवा?"

"कुठलं काम, आजी?"

"मेटकरी. वाटेचं."

पूजाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं ओठ चावला. "आजी, ते दुपारीच निघालं. दोनदा नाव घेतलं साहेबांनी. तुम्ही गैरहजर होता. काढून टाकला दावा."

"म्या? गैरहजर?" बनाबाईचा आवाज अंगणात घुमला. "आगं टवळे, सकाळी तूच माझ्या पायाजवळनं झाडू मारत गेलीस की! म्हनलीस की पाय वर घ्या आजी म्हनून! त्या मेल्या नानासोनं मला हितं च्या पाजला! अख्ख्या जगाला दिसली मी, आन् तुमच्या सायबालाच तेवढी दिसली न्हाई व्हय?"

"साहेबांनी विचारलं होतं, आजी. वादी आहेत का म्हणून. तर समोरच्या वकिलांनी सांगितलं की नाहीत. म्हणाले, मेंढरांमागं फिरणारी माणसं आहेत, यांना दाव्यात रस नाही, नुसता स्टे घेऊन बसलेत. आणि नानासो शेजारीच उभे होते. ते पण काही बोलले नाहीत."

"आन् जोतिबा कुठं मेला? त्यानं का न्हाई पुकारलं?"

"जोतिबा रिटायर झाले. त्यांची जागाच रद्द झाली. आता पुकारायला माणूस नाही, आजी. साहेब खुर्चीतूनच नावं वाचतात." पूजाचा आवाज चढला. रडणं आणि राग यांच्या मधला तो आवाज होता. "आम्ही नऊ जणांचं काम तिघं करतो. सकाळी झाडते मी, दप्तर काढते मी, टाईप करते मी, कुलूप लावते मी. बाहेर येऊन बघायला मला कुठून सवड मिळणार? तुम्ही सांगा!"

पोरीच्या हातांची बोटं शाईनं आणि केराच्या धुळीनं एकसारखी काळी झाली होती. पण राग कुठं तरी काढायलाच हवा होता. तिनं पारावरची पिशवी उचलली आणि त्या बंद टीव्हीकडं बोट दाखवून विचारलं, "आन् ह्यो कशाला टांगलाय?"

"त्याच्यावर नावं यायची होती. लावल्यापासून आठवड्यात बिघडला. दुरुस्तीला मंजुरी यायचीय."

झालं होतं ते असं. मागल्या वर्षी मुंबईत अधिवेशन भरलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी हातासरशी जे चार-दोन कायदे मंजूर झाले, त्यातला एक खालच्या कोर्टांचा होता. आर्थिक भार कमी करायचा म्हणून दोन तालुक्यांना मिळून एक न्यायाधीश, इथं दोन दिवस, तिथं तीन दिवस. शिपाई, पट्टेवाले, बेलीफ यांच्या रिकाम्या होतील त्या जागा भरायच्या नाहीत. ह्या सगळ्याला नाव दिलं सुसूत्रीकरण. असले शब्द शोधणाऱ्या माणसांना एकदा भर उन्हात त्या पारावर दिवसभर बसवलं पाहिजे, म्हणजे सूत्र कसलं आणि गळफास कसला ते त्यांना कळेल. पट्टेवाल्याच्या पगाराला पैसा नव्हता आणि ग्रॅनाइटच्या कमानीला होता. कमान ओरडत नाही, पगार मागत नाही, आणि तिच्यावर नाव कोरता येतं.

दावा गेला की मनाई आपोआप जाते. हे बनाबाईला ठाऊक नव्हतं, नानासोला होतं. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत त्याचा जेसीबी वाटेवर उभा होता. बनाबाई धावत गेली, यंत्राच्या पुढ्यात उभी राहिली, चालवणाऱ्या पोराला तिनं सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. नानासो गाडीतून उतरला. आजही तोंड गोडच.

"मावशी, आता कोर्टाचा हुकूम न्हाई. तुमी गेलाच न्हाईसा तारखेला, त्याला मी काय करू?"

"नानासो, तू मला च्या पाजलास रं! तुझ्या डोळ्यांदेखत मी तितं बसले हुते!"

"ते खरं. पर मला कुनी इचारलंच न्हाई. वकिलाला इचारलं." एवढं बोलून त्यानं पोराला हात केला.

संध्याकाळपर्यंत वाट रानात मिसळली. दोन दिवसांत लोखंडी अँगल उभे राहिले आणि त्यांना काटेरी तार लागली. बनाबाईनं अर्जुनाला फोन लावला, तेव्हा तो उंब्रजच्या अलीकडं एका उसाच्या खोडव्यात मेंढरं बसवत होता. तिनं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आये, मिरगाला मेंढरं कुठनं न्हेऊ पान्याला?" तिनं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून रागानं रडली. दुःखानं रडणं वेगळं असतं. त्यात माणूस मऊ पडतो. ही रडून उठली ती कडक होऊनच.

कोर्टाच्या पुढच्या दिवशी ती पारावर बसली नाही. राजेश्वरीला पुढं घालून थेट आत शिरली. न्यायाधीश तरणे होते, चाळिशीच्या आतले, आणि टेबलावर फायलींचा असा ढीग की त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. राजेश्वरीनं अर्ज वाचायला सुरुवात केली, पण बनाबाईला कुठला धीर.

"सायेब, मी दारात हुते! ह्या लिंबाखाली! तुमच्याच मानसानं मला शिकवलं हुतं, पुकारल्याबिगर यायचं न्हाई म्हनून. मी न्हाई आले. आता तुमीच म्हनता का आली न्हाईस. मग खरं काय धरायचं आमी?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"आजी, तुम्ही बाहेर आहात हे मला माहीत नव्हतं. मला पट्टेवाला नाही. नावं मीच वाचतो, आणि माझा आवाज दारापर्यंत पोचत नाही. हे चूक आहे. तुमचा दावा पुन्हा चालू करायचा अर्ज मी ठेवून घेतो."

"आन् वाट?"

"समोरच्याला ऐकल्याशिवाय मला मनाई परत देता येणार नाही. त्याला नोटीस जाईल."

"मग द्या की आत्ता! माझ्या शेजारीच ऱ्हातोय त्यो. मी जाता जाता त्याच्या तोंडावर मारते."

कुणीतरी मागं हसलं. राजेश्वरीनं तिचा हात दाबला. "तुम्ही देऊन चालत नाही, आजी. बेलीफनंच द्यावी लागते." आणि बेलीफ आता दोन तालुक्यांत मिळून एकटाच होता, त्यालाही गुडघेदुखी. तारीख पडली ती मिरगाच्या पुढची.

बाहेर आल्यावर बनाबाई कमानीखाली उभी राहिली. राजेश्वरीही थांबली. ती स्वतःवरच चिडलेली होती, त्या दिवशी वेळेत पोचली नाही म्हणून. पण तेवढ्यावर ती थांबली नाही.

"आजी, मी आले असते तर दावा राहिला असता, हे खरं. मला बोला तुम्ही. पण असं किती जणांचं होणार? त्या कुंडलच्या बाईचाही पोटगीचा दावा त्याच दिवशी गेला. ती पण पारावरच होती."

"ह्यो कायदा केला कुनी?"

"विधानसभेनं."

"म्हंजी कुनी? नाव असंल की मानसाला."

राजेश्वरीनं वर बघितलं. कमानीवरच्या सोनेरी अक्षरांकडं. "यांनी पण हात वर केला होता. पेपरात फोटो आहे."

बनाबाईला अक्षरं येत नव्हती. तिनं राजेश्वरीकडून ते नाव दोनदा वदवून घेतलं. ते नाव तिच्या ओळखीचंच होतं. तिच्या घरची सगळी मतं त्याच माणसाला पडली होती.

चैत्रात हिंगणमाळच्या बिरोबाची जत्रा भरते. माळावरची सगळी माणसं, जिथं असतील तिथून, निदान घरातला एक तरी येतो. जत्रेची एक रीत आहे. पालखी उचलायच्या आधी देवळाच्या पायरीवरून मानकऱ्यांची नावं पुकारली जातात. ज्याचं नाव येईल त्यानं "हाजिर हाय" म्हणायचं आणि मूठभर भंडारा उधळायचा. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, आणि सगळी नावं झाल्याशिवाय पालखी हलायची नाही. एका साली मानकऱ्यांतला थोरला गुंडा हगवणीनं आडवा झाला होता, तर त्याला बाजेवर घालून आणलं होतं. देव तासभर उन्हात थांबला होता. नावं पुकारायचा मान मेटकऱ्यांचा. बनाबाईचा नवरा बिरदेव होता तोवर तो पुकारायचा. तो गेल्यावर अर्जुनानं पुकारायचं, पण अर्जुना मेंढरांमागं. पहिल्या वर्षी बाईनं पुकारायचं म्हणताच जुन्या खोडांनी नाकं मुरडली. बनाबाईनं एक आरोळी दिली, ती टेकडीच्या पल्याड ऐकू गेली, आणि वाद मिटला.

त्या साली सभामंडपाला निधी दिला म्हणून आमदारांना बोलावलं होतं. ते नानासोच्या गाडीतूनच आले. भरजरी फेटा, कपाळाला भंडारा, भोवती पोरांचा घोळका. गावची सरपंच क्रांती तरणी, हुशार, पण निधीपुढं मान तुकवणारी. तिनं बनाबाईला बाजूला घेतलं.

"मावशी, सगळी नावं झाली की शेवटाला आमदारसायबांचं घ्या. औंदापास्नं त्यांनाबी मान द्यायचं ठरलंय. तेवढं नीट हं."

बनाबाईनं पदर खोचला. पायरीवर चढली. ढोल थांबले, कैताळ थांबले. तिनं नावं सुरू केली. एकेक नाव, एकेक आरोळी, एकेक "हाजिर हाय", आणि वर उडालेला पिवळा भंडारा. मग नानासोच्या घराचं नाव आलं. त्याचं घरही मानकऱ्यांतलं. काही जणांना वाटलं, ही आता त्याला गाळणार. ते तिच्या मनातही आलं नाही. माणूस समोर आहे, मान त्याचा आहे, तर त्याला पुकारायचं. देवाच्या पायरीवर उभं राहून खोटं कसं बोलायचं?

"नानासोऽऽ!"

नानासो आमदारांच्या खांद्याआड सरकला.

"नानासोऽऽ!" दुसऱ्यांदा. आता लोक माना वळवून बघायला लागले. पारावरची गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती? चहाचीही ठाऊक होती, बिस्किटाचीही.

"नानासोऽऽ!"

"हाय," तो पुटपुटला.

"ऐकू ईना!"

"हाजिर हाय!" तो ओरडला आणि भंडारा उधळला. तो त्याच्याच अंगावर पडला.

"हायेस तर हाय म्हनायचं असतं, बाबा," बनाबाई म्हणाली. "बसल्याल्या मानसाला न्हाई म्हनायची रीत कोर्टात असंल. बिरोबाच्या दारात न्हाई."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. थोरला गुंडा उघड हसला. क्रांती सरपंचानं घाईनं खूण केली, पुढं चला म्हणून. आता एकच नाव उरलं होतं. आमदार दोन पायऱ्या वर आले, हात जोडून, मुठीत भंडारा धरून तयार. बनाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांपुढं तार लावलेली वाट आली, आणि उंब्रजच्या रानातला अर्जुना.

"सायेब, पुकारायच्या आदी एक इचारते. कोर्टातला पुकारा बंद करायला तुमी हात वर केलासा, खरं का खोटं?"

आमदारांचं हसू तोंडावरच राहिलं. "मावशी, तो राज्याच्या तिजोरीचा विषय आहे. खर्चाला कुठं तरी कात्री लावावीच लागते. देवाच्या दारात राजकारण नको."

"राजकारन न्हाई करत मी. मी नावं पुकारती. माझं कामच त्ये हाय. आन् माझी वाट गेली ती कुनी नाव पुकारलं न्हाई म्हनून. माझ्या लेकाची मेंढरं मिरगाला यायची हायती. त्यास्नी पानी कुठनं पाजू? तुमची कमान पाजंल?"

"आपण बघू ना मावशी. उद्या ऑफिसला या. पीएला सांगतो मी." त्यांनी मागं बघितलं, क्रांतीकडं, नानासोकडं. "आता नाव घ्या. लोक खोळंबलेत."

बनाबाई पालखीकडं वळली. तिनं छाती भरून श्वास घेतला. माळावर त्या दिवशी जेवढी माणसं होती तेवढ्यांनी तो आवाज ऐकला.

"आमदार, गैरहजर!"

क्षणभर कुणाला कळेना. मग आमदार चिडून म्हणाले, "आवं मावशी, काय बोलताय? हा काय मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"मीबी तितंच बसले हुते, सायेब," बनाबाई म्हणाली. "दारात. दिसभर."

ढोलवाला टिपरू हवेत धरून थांबलेला. क्रांती खाली बघत होती. थोरला गुंडा पुढं झाला, पालखीच्या दांड्याखाली खांदा लावला, आणि म्हातारा गळा ताणून ओरडला, "बिरोबाच्या नावानंऽऽ" आणि सगळ्या माळानं "चांगभलं!" म्हटलं. पालखी उठली. आमदार मुठीत भंडारा धरून पायरीवर उभे होते, आणि लोक त्यांना चुकवून दोन्ही अंगांनी पालखीमागं चालू लागले.